क्रीमच्या बिस्किटात पाणी कोणीकडे वाहते?

पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी एका ताटलीत पावाचा तुकडा आणि एक कुरकुरीत बिस्किट शेजारी शेजारी ठेवा. ताटली रात्रभर उघडीच राहू द्या. सकाळी काय दिसेल? पाव कडक झालेला असेल आणि बिस्किट सादळून मऊ पडलेले असेल. खोली तीच, हवा तीच, वेळही तेवढाच. मग एकाच हवेने एकाला वाळवले आणि दुसऱ्याला सादळवले, हे कसे?

हा प्रश्न वर्गात विचारला की उत्तर हमखास येते : "सर, पावात पाणी जास्त म्हणून ते उडून जाते आणि बिस्किटात कमी म्हणून ते आत येते." उत्तर ऐकायला बरे वाटते, पण ते अपुरे आहे. पाणी नेहमी 'जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे' जात नाही. कधी कधी ते नेमके उलट जाते. हे समजून घेण्यासाठी आपण एक खाण्याचीच वस्तू घेऊ. तिच्यात ओला भाग आणि कोरडा भाग एकमेकांना चिकटून बसलेले असतात. ही वस्तू म्हणजे ओटची क्रीम भरलेली जोडबिस्किटे.

ही बिस्किटे मूळची अमेरिकेतली. ओट हे थंड हवेत येणारे धान्य. त्याचे दाणे वाफवून रुळांखाली चपटे करतात आणि आपल्या पोह्यांसारखे पोहे बनवतात. या ओटच्या पोह्यांची गोल, जाडसर, मऊ बिस्किटे भाजायची, दोन बिस्किटांच्या मध्ये पांढरे गोड क्रीम भरायचे आणि ती एकमेकांवर दाबायची. टेनेसी राज्यातले एक बेकरीव्यावसायिक ओ. डी. मॅकी यांनी १९३५ साली असे जोडबिस्किट तयार केले. पुढे १९६० साली त्यांच्या मालाला त्यांच्या चार वर्षांच्या नातीवरून 'लिटल डेबी' हे नाव मिळाले आणि तेथील शाळकरी मुलांच्या खाऊच्या डब्यात ही बिस्किटे घरच्यासारखी होऊन गेली. तेथे अनेक घरांत आई-आजी ती घरीही करतात. आता आपल्याकडेही वाण्याच्या दुकानात ओटचे पोहे मिळू लागले आहेत आणि पुष्कळ घरांत लहानसा विजेचा ओव्हन असतो, तेव्हा हा प्रयोग आपल्या आवाक्यातला आहे.

साहित्य असे : बिस्किटांसाठी विकतचे मीठ घातलेले लोणी (दुकानात बटर म्हणून मिळते ते) ११५ ग्रॅम, गुळाची पूड १५० ग्रॅम, एक अंडे, मैदा १०० ग्रॅम, ओटचे पोहे १२० ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा चमचा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम आणि थोडी दालचिनीची पूड. अंडे चालत नसेल तर तीन मोठे चमचे दूध घाला. क्रीमसाठी तेच लोणी ७५ ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम आणि दूध दोन चमचे. हे आकडे लिहून ठेवा. पुढे आपल्याला त्यांचे गणित करायचे आहे.

भट्टीत काय घडते

प्रथम लोणी आणि गूळ एकत्र करून चांगले फेसायचे. पाककृतीच्या पुस्तकांत 'हलके होईपर्यंत फेसा' असे लिहिलेले असते, पण का ते सांगितलेले नसते. गुळाचे टोकदार कण लोण्यातून फिरताना हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे आत कोंडतात आणि बिस्किट फुगण्याची सगळी तयारी तेथेच होते. सोडा नवे बुडबुडे निर्माण करत नाही, असलेले बुडबुडे मोठे करतो. यामागे पृष्ठताण आहे. बुडबुड्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जो जादा दाब असावा लागतो तो त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी तर दाब दुप्पट. म्हणजे अगदी शून्यातून बुडबुडा सुरू करायचा तर प्रचंड दाब लागेल. तयार बुडबुड्यात शिरणे वायूला कितीतरी सोपे जाते. फेसण्याचा कंटाळा करणाऱ्याची बिस्किटे चपटी का होतात, ते आता लक्षात आले असेल.

नंतर अंडे, मैदा, सोडा, दालचिनी आणि ओटचे पोहे घालून मिश्रण कालवायचे, लिंबाएवढे गोळे ताटात अंतर ठेवून मांडायचे आणि १७५ अंश सेल्सियसला दहा-बारा मिनिटे भाजायचे. या दहा मिनिटांत आत एक शर्यत चालू असते. लोणी ३०-३५ अंशांच्या सुमारास वितळते आणि गोळा पसरू लागतो. दुसरीकडे अंडे आणि पीठ तापून घट्ट होऊ लागतात आणि पसरणे थांबवू पाहतात. लोणी आधीच पातळ झालेले असेल तर पसरणे जिंकते आणि पापडासारखी बिस्किटे होतात. म्हणून गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग भाजावेत. आपल्याकडील उन्हाळ्यात तर हे अगत्याचे आहे.

सोड्याचे गणित मनोरंजक आहे. नुसत्या उष्णतेने सोड्याचे विघटन झाले तर त्यातला निम्माच कार्बन डायॉक्साइड मोकळा होतो, उरलेला निम्मा धुण्याच्या सोड्यात अडकून राहतो. आम्ल मिळाले तर मात्र सगळा सुटतो. अडीच ग्रॅम सोड्यातून केवळ उष्णतेने सुटणारा वायू खोलीच्या तापमानाला सुमारे ३५० घन सेंटिमीटर भरेल. आकडा मोठा वाटतो ना? पण एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर वाफ झाली तर ती सुमारे १७०० घन सेंटिमीटर जागा व्यापते! अर्थात यातली बरीचशी वाफ बिस्किटातून निसटून जाते, तरी फुगवण्याच्या कामात पाण्याचा वाटा नगण्य नाही.

आणि येथेच आपल्या गोष्टीचा नायक, म्हणजे पाणी, रंगमंचावर येतो. ओव्हन १७५ अंशांवर असला तरी बिस्किटाचा मधला भाग तेवढा तापत नाही. जोवर तेथे पाणी आहे तोवर आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एका ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी. त्यामुळे मध्यभागाचे तापमान शंभराच्या आसपासच अडून राहते. कडा मात्र आधी कोरड्या होतात, शंभरीच्या पुष्कळ वर चढतात आणि तांबूस होतात. साखरा आणि प्रथिनांचे घटक यांच्यातील रासायनिक क्रियांमुळे हा रंग आणि तो खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली या क्रियांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायार अभिक्रिया म्हणतात. कडा तांबूस आणि मध्य अजून फिकट, मऊ असतानाच बिस्किटे बाहेर काढावीत. मध्यही तांबूस होईपर्यंत थांबलात तर बिस्किट कडक होणार, कारण तांबूस झाले याचाच अर्थ तेथले पाणी गेले.

कुरकुरीत बिस्किट ही एक काच आहे

भट्टीतून काढलेले बिस्किट लगेच उचलू नका. ते इतके लिबलिबीत असते की मधून वाकते. पाच मिनिटे थांबले की तेच घट्ट होते. पाणी तर एवढ्यात फारसे उडालेले नसते. मग काय बदलले?

बदलली ती साखरेची स्थिती. भाजताना बरीच साखर आतल्या थोड्याशा पाण्यात विरघळून दाट पाक झालेला असतो. हा पाक निवताना त्यातल्या रेणूंना रांगेत बसून स्फटिक व्हायला सवड मिळत नाही. ते अस्ताव्यस्त अवस्थेतच जागच्या जागी गोठतात. अशा अस्फटिकी घनाला भौतिकीत काच म्हणतात. खिडकीची काच वाळूपासून बनते, ही साखरेपासून, एवढाच फरक. काचेसारखी ती कट्‌कन मोडते, आणि त्या असंख्य लहान लहान मोडण्यांचा आवाज म्हणजेच बिस्किटाचा कुरकुरीतपणा. आपण दातांइतकेच कानांनीही बिस्किट खातो म्हणा ना!

काच मऊ पडण्याला एक ठरावीक तापमान असते. पूर्णपणे कोरड्या साखरेच्या काचेसाठी ते ६० ते ७० अंशांच्या दरम्यान आहे. तिच्यात थोडेसे पाणी शिरले की ते झपाट्याने खाली येते. पाण्याचे लहान रेणू साखरेच्या मोठ्या रेणूंमध्ये शिरून त्यांना हालचालीला जागा करून देतात. चार-पाच टक्के पाणी शिरताच हे तापमान खोलीच्या तापमानापर्यंत उतरते, आणि मग खोलीत ठेवलेली काच काच राहत नाही, चिवट पाक होते. बिस्किट सादळणे म्हणजे हेच. ते भिजलेले नसते, त्यात पाण्याचा थेंबही दिसत नाही. शेकडा चार-पाच भाग पाणी आत शिरलेले असते, इतकेच.

आता गुळाचे महत्त्व पाहा. साध्या साखरेत फक्त सुक्रोज असते. गुळात आणि अमेरिकन मंडळी वापरतात त्या मळी लावलेल्या तपकिरी साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. कोरड्या ग्लुकोजची काच सुमारे ३० अंशांवर मऊ पडते आणि फ्रुक्टोजची तर ५ अंशांच्या आसपासच. शिवाय दोन्ही पाणी ओढून धरणाऱ्या. म्हणून गुळाचे बिस्किट पहिल्यापासूनच चिवट आणि मऊ राहते. पावसाळ्यात लोणावळ्याहून आणलेली गुळाची चिक्की पुडा फोडताच बोटांना चिकटू लागते, तिचेही कारण हेच. ओटचा हातभारही आहे : शंभर ग्रॅम ओटात साधारण चार ग्रॅम बीटा-ग्लुकान नावाचा तंतुमय पदार्थ असतो. तो पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि पाणी सहजासहजी सोडत नाही. ओटची पेज घट्ट आणि गुळगुळीत होते ती याच्याचमुळे.

पाण्याची पातळी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाणी कोणीकडे जाते?

समजा, तुमच्या गच्चीवर पाण्याची एक टाकी आहे आणि गावाबाहेर सखल भागात एक तलाव आहे. दोन्ही नळाने जोडले तर पाणी कोणीकडे वाहील? तलावात टाकीच्या लाखो पट पाणी असले तरी पाणी टाकीतूनच तलावाकडे वाहील. वाहण्याची दिशा पाण्याच्या साठ्यावर ठरत नाही, पातळीवर ठरते. उष्णतेचेही असेच असते. बादलीभर कोमट पाण्यात उष्णता पुष्कळ असते, तरी लाल तापलेली सुई तिच्यात टाकली तर उष्णता सुईकडून पाण्याकडे जाते.

खाद्यपदार्थातल्या पाण्यालाही अशी एक पातळी असते. ती मोजायची रीत सोपी आहे. पदार्थ एका घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचा आणि आतली हवा स्थिर झाली की तिची सापेक्ष आर्द्रता पाहायची. ती ७५ टक्के असेल तर त्या पदार्थातल्या पाण्याची पातळी ०.७५. शुद्ध पाण्याची पातळी १. शास्त्रीय परिभाषेत हिला जलक्रियाशीलता म्हणतात. आपण मात्र पातळीच म्हणू, कारण त्या शब्दाने चित्र डोळ्यांपुढे येते. पाण्याचे रेणू साखरेने, मिठाने किंवा पिष्टाने जितके अधिक बांधून ठेवलेले, तितकी पातळी खाली.

मऊ पावाची पातळी सुमारे ०.९५ असते, मधाची ०.६ च्या आसपास, आणि कुरकुरीत बिस्किटाची फक्त ०.२ ते ०.३. मिठाच्या संपृक्त द्रावणाची ०.७५. आता गंमत पाहा. संपृक्त मिठाच्या पाण्यात वजनाने जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असते, तर पावात चाळीस टक्क्यांहूनही कमी. तरी पावाचा तुकडा आणि मिठाच्या पाण्याची वाटी एकाच बरणीत बंद केली, तर पाणी पावातून निघून मिठाच्या पाण्यात जाईल! कोरड्यातून ओल्यात! वर्गातले ते उत्तर अपुरे का, ते येथे दिसते.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे हवेची पातळी ०.८ हून अधिक. पाव तिच्या वर, म्हणून तो पाणी देतो. बिस्किट तिच्या खूप खाली, म्हणून ते घेते. एकच हवा दोघांच्या मध्ये उभी आहे. मे महिन्यात दुपारी नागपुरात आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. तेथे उघड्यावरचे बिस्किट कुरकुरीतच राहते. या प्रयोगाचे उत्तर रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळे मिळेल आणि दोघांचेही बरोबर असेल.

पावाबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धेच सत्य सांगितले असे होईल. पाव केवळ वाळल्यामुळे कडक होत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८५२ साली दाखवून दिले, की पाव हवाबंद ठेवून त्यातले पाणी उडू दिले नाही तरी तो शिळा आणि कडक होतोच, आणि सुमारे ६० अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. भाजताना सैल झालेले पिष्टाचे रेणू थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा एकत्र जुळतात, त्याचा हा परिणाम.

शिळे झाल्यावर कडक होते तो केक आणि मऊ पडते ते बिस्किट, हा भेद एकदा चक्क कर-न्यायाधिकरणात उपयोगी पडला. इंग्लंडमध्ये केकवर मूल्यवर्धित कर लागत नाही, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर लागतो. 'जाफा केक' नावाचा एक चपटा गोल पदार्थ यांपैकी कशात मोडतो, यावर १९९१ साली तेथे सुनावणी झाली. अनेक मुद्द्यांबरोबर हाही मुद्दा विचारात घेतला गेला, की हा पदार्थ शिळा झाला की कडक होतो. निर्णय केकच्या बाजूने लागला!

क्रीमची पातळी किती?

आता वहीतले आकडे काढा. आपण क्रीमसाठी ७५ ग्रॅम लोणी घेतले. विकतच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. म्हणजे १२ ग्रॅम. दोन चमचे दुधातून आणखी ८-९ ग्रॅम. एकूण सुमारे २० ग्रॅम पाणी. साखर १५० ग्रॅम. खोलीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्यात जवळजवळ दोन ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे वीस ग्रॅम पाण्यात चाळीस ग्रॅम विरघळली आणि ११० ग्रॅम साखर न विरघळताच उरली. थोडक्यात, क्रीममधले पाणी हे साखरेचे संपृक्त द्रावण आहे. अशा द्रावणाची पातळी सुमारे ०.८५ असते. लोण्यातल्या मिठामुळे ती आणखी थोडी उतरते.

येथे एक सुंदर गोष्ट घडते. क्रीममधून पाणी निघून बिस्किटात जाऊ लागले तर क्रीमची पातळी उतरायला हवी, नाही का? पण तसे होत नाही. थोडे पाणी गेले की थोडी साखर स्फटिक होऊन बाहेर पडते आणि उरलेले द्रावण संपृक्तचे संपृक्तच राहते. बर्फ आणि पाणी एकत्र असताना उष्णता काढत राहिले तरी तापमान शून्य अंशावरच अडून राहते, तसेच हे. शेवटचे पाणी संपत येईपर्यंत क्रीम आपली पातळी सोडत नाही. बिस्किट बिचारे खाली ०.३ वर बसलेले. म्हणजे वरच्या टाकीतले सगळे पाणी खाली रिकामे होणार!

सगळे म्हणजे किती? वीस ग्रॅम. भाजलेली बिस्किटे पाचशे ग्रॅमच्या थोडी आत भरतील. म्हणजे बिस्किटांच्या वजनाच्या सुमारे चार टक्के. हा आकडा ओळखीचा वाटतो का? साखरेच्या काचेला मऊ पाडायला लागणारे पाणी जवळजवळ एवढेच असते. कुरकुरीत बिस्किटात मुळात दोन-तीन टक्के पाणी असते, त्यात चारची भर पडून ते सहा-सात टक्क्यांवर जाते, आणि काच संपते. घरी केलेले क्रीमचे बिस्किट संध्याकाळी कुरकुरीत आणि सकाळी मऊ का, याचे उत्तर या चार टक्क्यांत आहे. उलट क्रीम सकाळी आदल्या दिवसापेक्षा घट्ट आणि किंचित रवाळ लागते, कारण त्यातले पाणी गेले आणि साखरेचे स्फटिक वाढले.

ओटच्या बिस्किटाच्या बाबतीत हे बिघडणे नव्हे. तेथे हेच हवे असते. जोडलेली बिस्किटे हवाबंद डब्यात रात्रभर ठेवली की कडेचा कडकपणा आणि मधला मऊपणा यांतला फरक मिटतो आणि सगळे बिस्किट एकसारखे मऊ होते. डबा उघडा ठेवला तर पाणी क्रीम, बिस्किट आणि हवा अशा तिघांत वाटले जाईल आणि काय होईल ते त्या दिवसाच्या हवेवर अवलंबून राहील. मला विचाराल तर ही बिस्किटे दुसऱ्या दिवशीच खावीत. पहिल्या दिवशी डबा कोणाच्या हाती लागू नये ही व्यवस्था मात्र करावी लागते.

पण कोणाला कुरकुरीतच हवी असतील तर? मग क्रीममध्ये पाणीच नको. दुकानातील कुरकुरीत क्रीमच्या बिस्किटांचे गुपित हेच आहे. त्यातल्या 'क्रीम'मध्ये दुधाची साय नसते आणि पाणी घालून केलेला पाकही नसतो. वनस्पतिजन्य घट्ट स्निग्ध पदार्थ आणि बारीक साखर, बस्स. टाकीच रिकामी असेल तर वाहणार काय? आपल्या घरात याला सोपा पर्याय आहे : तूप. लोणी कढवतो तेव्हा आपण दुसरे काय करतो? त्यातले पाणी उडवतो. चांगल्या कढवलेल्या तुपात अर्धा टक्कासुद्धा पाणी राहत नाही. घट्ट तूप आणि पिठीसाखर फेसून, दूध अजिबात न घालता क्रीम केले तर बिस्किटे हवाबंद डब्यात कुरकुरीत राहतात. नानकटाईत पाणी न घालता तूप वापरण्याची आपली जुनी रीत किती शहाणपणाची आहे, पाहा. अर्थात तूप उन्हाळ्यात पातळ होते, तेव्हा हे क्रीम थंडीच्या दिवसांतले.

दुसरा उपाय म्हणजे वाटेत बंधारा घालणे. इटलीतील नेपल्स शहरातल्या स्पिका या आइस्क्रीम कंपनीपुढे हाच पेच होता : आइस्क्रीमने शंकूचे बिस्किट मऊ पडे. १९५९ साली त्यांनी शंकूच्या आतून तेल, साखर आणि चॉकलेट यांचा पातळ थर दिला. स्निग्ध पदार्थातून पाणी फार सावकाश झिरपते. पातळ्यांतला फरक मिटला नाही, पण वाहण्याचा वेग इतका कमी झाला की खाऊन होईपर्यंत शंकू कुरकुरीत राहिला. आपणही बिस्किटाच्या आतल्या बाजूला वितळलेल्या चॉकलेटचा हात फिरवू शकतो.

क्रीमची गोष्ट निघाली आहे तर एक वेगळाच प्रयोग सांगतो. जोडबिस्किट पिळून उघडले तर क्रीम दोन्ही चकत्यांवर सारखे का वाटले जात नाही? २०२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत क्रिस्टल ओवेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाहिता मोजण्याच्या यंत्रात 'ओरिओ' बिस्किटे बसवून ती वेगवेगळ्या गतींनी पिळली. गती कोणतीही असो, जवळजवळ सगळे क्रीम बहुधा एकाच चकतीला चिकटून राहिले. क्रीम आतून फाटण्याऐवजी एका चकतीपासून सुटे होते. म्हणजे चकतीला धरून राहण्याची त्याची ताकद स्वतःला धरून राहण्याच्या ताकदीपेक्षा कमी. असले संशोधन हसण्यावारी नेऊ नका. रंग, ग्रीस, टूथपेस्ट या सगळ्यांचे शास्त्र हेच आहे.

आता एक महत्त्वाची सूचना. 'क्रीम' या शब्दाला भुलून कोणी घरच्या दुधाची साय साखर घालून बिस्किटांत भरतात आणि डबा फळीवर ठेवतात. हे धोक्याचे आहे. जिवाणूंना पाणी पदार्थात किती आहे याच्याशी देणेघेणे नसते, तेही पातळीच पाहतात. सायीची पातळी ०.९५ च्या वर असते आणि तेथे बहुतेक सगळे जिवाणू सुखाने वाढतात. अन्नविषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा चिवट जिवाणूसुद्धा ०.८५ च्या खाली वाढू शकत नाही. बुरशी त्याहून खाली तग धरते, आणि ०.६ च्या खाली कोणाचेच काही चालत नाही. म्हणून मध टिकतो, पाकातला मुरंबा टिकतो, आणि साय टिकत नाही. सायीची बिस्किटे केलीच तर ती फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. लोण्याच्या क्रीममध्येही दूध दोन चमच्यांऐवजी अर्धी वाटी ओतलेत, तर बरीचशी साखर विरघळून जाईल, संपृक्तपणाच्या सीमेवर पोचाल आणि क्रीमचे संरक्षण ढिले पडेल. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवायची बिस्किटे फ्रिजमध्येच बरी.

शाळेतल्या प्रयोगशाळेत करण्याजोगा प्रयोग असा. घट्ट झाकणाच्या चार सारख्या बरण्या घ्या. पहिलीच्या तळाशी कोरडे सिलिका जेल ठेवा. दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइडचे संपृक्त द्रावण घाला, हवेची आर्द्रता सुमारे ३३ टक्के राहील. तिसरीत मिठाचे संपृक्त द्रावण, ७५ टक्के. तळाशी न विरघळलेले मीठ दिसले पाहिजे. चौथीत नुसते पाणी. प्रत्येकीत जाळीवर किंवा उलट्या वाटीवर एकेक बिस्किट असे ठेवा की ते द्रवाला लागणार नाही. बिस्किटे एकाच पुड्यातली, ताजी आणि आधी वजन केलेली हवीत. आठवडाभर रोज एकाच वेळी पटकन वजन करून पुन्हा ठेवा आणि वजन व दिवस यांचा आलेख काढा. सगळ्या बिस्किटांचे वजन सारखे वाढणार नाही, आणि काही दिवसांनी त्यांतल्या काहींचे वाढणे थांबेल. कोणत्या बरणीत आधी थांबले ते पाहा. शेवटी पहिल्या तीन बरण्यांतली बिस्किटे मोडून आवाज ऐका. चौथ्या बरणीत बुरशी दिसली तर ती न उघडता शिक्षकांना दाखवा आणि बिस्किट फेकून द्या. प्रयोगातले कोणतेही बिस्किट खायचे नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

घरी ओव्हन असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली ओटची बिस्किटे भाजा, निम्म्यांत लोण्याचे आणि निम्म्यांत तुपाचे क्रीम भरा आणि दोन वेगळ्या हवाबंद डब्यांत ठेवा. भरण्यापूर्वी प्रत्येक बिस्किटाचे वजन करून ठेवा. दुसऱ्या दिवशी क्रीम सुरीने खरवडून पुन्हा वजन करा. थोडे क्रीम चिकटून राहणारच, म्हणून एका बिस्किटावर विसंबू नका. प्रत्येक डब्यातली किमान सहा घ्या आणि सरासरी काढा. आपल्या हिशेबाप्रमाणे लोण्याच्या डब्यात चार टक्क्यांपर्यंत वाढ दिसायला हवी. तुमची वाढ कमी आली तर ते पाणी कोठे अडकले असेल याचा विचार करा, आणि प्रयोगाच्या दिवशीची हवा दमट होती की कोरडी तेही वहीत लिहून ठेवा.